नऊ दारं आणि एक शिडी

तीर्थरूप ताई,

तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. म्हणजे कंबर वाकू देते तेवढाच, उरलेला तू मनाने धरून घे. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुझा गुडघा काय म्हणतो? लिफ्ट सुरू झाली, की अजून जिन्याच्या मधोमध स्टूल ठेवून बसत बसत चार मजले चढतेस? (ते स्टूल जिन्यात ठेवू नकोस असं मी मागेच सांगितलं होतं. ज्या शेजाऱ्याने त्यावर नडगी फोडून घेतली तो आता तुझ्याशी बोलत नाही, असं तूच म्हणालीस.) रक्तदाबाची सकाळची गोळी सकाळीच घेतेस ना, की आठवेल तेव्हा? हे सगळं मी फोनवरच विचारलं असतं. पण भाऊजी गेल्यापासून तुला फोन लावला की दोन मिनिटांत तुझ्याकडचं दूध उतू जायला लागतं. सकाळी लावला तरी, दुपारी लावला तरी. एकट्या बाईला एवढं दूध लागतं तरी कशाला, असं तुझी भावजय मला विचारत होती. पत्राला ती अडचण नाही. फक्त वाचताना गॅसवर काही ठेवू नकोस.

आता मुद्द्याचं पहिल्यांदाच सांगून टाकतो. हे पत्र तुला बोलवायला लिहिलेलं नाही. केलेलं बोलावणं मागे घ्यायला लिहिलं आहे.

गेल्या वर्षी मी तुला घेऊन यायला आलो होतो, तेव्हा तू बॅग भरायच्या ऐवजी मला एक प्रश्न विचारलास. तुझ्या गावात येऊन मी दिवसभर करू काय? इथे निदान खाली उतरलं की वाचनालय आहे, चार बायका भेटतात. तुमच्याकडे बाईमाणसाने घराबाहेर पडून बसायचं कुठे? बसस्टँडच्या बाकावर बाप्ये बसतात, कट्ट्यावर त्यांची पोरं बसतात, आणि उरलेल्या जागेत ट्रक वळतात. घरात बसून तुझ्या बायकोच्या पायात येऊ? मला उत्तर सुचलं नाही. सबंध परतीच्या प्रवासात सुचलं नाही. घरी आल्यावर चहा पिताना सुचलं, की आपण ती जागा बांधू. सगळ्यांनी मिळून, गावासाठी, कुणालाही येऊन बसता येईल अशी. तुझी भावजय तेव्हाच म्हणाली, तुम्हाला साधा कपडे वाळत घालायचा दोर सरळ बांधता येत नाही. मी तिकडे लक्ष दिलं नाही. मला तेव्हा जोर चढला होता. तुझ्या खोलीतली भाऊजींची ती रिकामी आरामखुर्चीपण मनातून जात नव्हती, आणि माणसाला असं काही मनातून जात नसलं की तो सभा बोलावतो.

सभा गिरणीच्या आवारात झाली (सभेला जागा नाही हाच सभेचा विषय होता, त्यामुळे ती पिठातच घ्यावी लागली). माणसं पुष्कळ आली. तुला ठरावकाका आठवतात का? कोर्टातून निवृत्त झालेले, कुठल्याही वाक्याचा ठराव करतात; घरी दुसरा कप चहा हवा असला तरी अनुमोदन मागतात म्हणे. त्यांनी मला अध्यक्ष केलं आणि स्वतः चिटणीस झाले. जागा ठरली, बसस्टँडमागची मोकळी पडलेली. काम प्रत्येकाने दर रविवारी फुकट करायचं हेही ठरलं. आणि मग मी, ताई, माझ्याच तोंडाने एक नियम सुचवला. तुला माहीत आहे, मागे इथे वाचनालय काढायचं चाललं होतं तेव्हा बेकरीवाल्याने दिलेलं कपाट वाळवी लागलेलं म्हणून कुणीतरी परत पाठवलं. तेव्हापासून ते सबंध घराणं बोलेनासं झालं, त्यांचे सोयरे बोलेनासे झाले, आणि वाचनालय पुस्तकं यायच्या आधीच मिटलं. ते पुन्हा नको म्हणून मी म्हणालो की आलेली मदत, कसलीही असो, परत पाठवायची नाही आणि तिला नावं ठेवायची नाहीत. टाळ्या पडल्या. ठरावकाकांनी त्याचा एवढा पक्का ठराव केला, की तो आता कुणालाच मोडता येत नाही. त्या टाळ्या अजून माझ्या कानात आहेत. रोज त्रास देतात.

पहिली मदत आली ती गवंड्याची. तो माझाच विद्यार्थी. चित्रकलेच्या तासाला पाठीमागच्या बाकावर बसून शाई प्यायचा, तोच. मला म्हणाला, सर, तुम्ही फक्त चित्र काढून द्या, बाकी माझ्यावर सोडा. मी काढून दिलं. मन लावून काढलं, छाया-प्रकाशासकट. समोर रुंद दर्शनी भाग, आत खोलवर जाणारा हॉल, मागे एक डेरेदार झाड, वर आभाळात दोन कावळे. मग पाया भरायच्या पहिल्या रविवारी फोटोसाठी मी एक दगड उचलला आणि माझी कंबर जी गेली ती दोन महिने परत आली नाही. मी अंथरुणात पडून होतो आणि गवंडी येऊन सांगून जायचा की सगळं चित्राबरहुकूम चाललंय. मलाही बरं वाटायचं. उठून चालायला लागल्यावर पहिल्यांदा काठी टेकत बघायला गेलो, तर भिंती छातीपर्यंत आल्या होत्या आणि मला काहीतरी गरगरल्यासारखं होत होतं. आधी वाटलं गोळ्यांमुळे. मग लक्षात आलं, मागची भिंत पुढच्या भिंतीच्या निम्मी होती.

तीस वर्षं मी या गावाला शिकवलं की लांबची वस्तू लहान दिसते. या पठ्ठ्याने पट्टी घेऊन माझं चित्र मोजलं आणि लांबची भिंत लहान बांधली. पुढे आठ खुर्च्या एका ओळीत मावतात, मागे चार. बाजूच्या भिंती एकमेकींकडे झुकत जातात, आत चालताना माणसाला वाटतं आपण फुगत चाललोय. मी कपाळावर हात मारणार, तेवढ्यात तो मला हौसेने मागे घेऊन गेला. तिथे त्याने वीतभर उंचीचं एक रोप लावलं होतं. चित्रात झाड तेवढंच होतं ना. कावळ्यांचं तेवढं जमलं नाही म्हणून त्याने माझी माफी मागितली. मी काय बोलणार? नियम माझा, चित्र माझं, विद्यार्थी माझा. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून छान झालंय म्हणालो. रात्री जेवलो नाही, हे तुझी भावजय तुला सांगेल.

आणि ही सुरुवात होती, ताई. खरं संकट दारांचं आहे.

तुला तो रस्ता रुंद झाला ते माहीत आहे; आपल्या घराचा पुढचा भाग त्यातच गेला. पण आपलं एकट्याचं नाही, मुख्य रस्त्यावरच्या सगळ्यांचीच घरं पुढून कापली गेली. लोकांनी नव्या भिंती घातल्या, पत्र्याची नाहीतर लोखंडाची दारं लावली, आणि जुनी लाकडी दारं चौकटीसकट परसात टेकवून ठेवली. ती जाळवत नाहीत आणि कुठे बसवताही येत नाहीत. माझ्याकडे आपलं आहेच, ताडपत्रीखाली, त्यावर कोंबड्या बसतात. तर सुताराने हॉलसाठी चांगलं दोन झडपांचं दार करायला घेतलं, आणि ते ऐकून बेकरीवाल्याने घरचं जुनं दार हातगाडीवर घालून आणून टाकलं. वडिलांच्या हातचं आहे म्हणाला. नियमाप्रमाणे घ्यावं लागलं, आणि घेतल्यावर बसवावंही लागलं, कारण न बसवणं म्हणजे नावं ठेवणंच झालं असं ठरावकाकांचं मत पडलं. मग बेकरीवाल्याचं घेतलंत, आमचं का नको, असं म्हणत गिरणीवाल्यांचं आलं. मग टेलरबाईंचं. मग ज्यांच्याशी टेलरबाईंचं पटत नाही त्यांचं, मुद्दाम टेलरबाईंच्या समोरच्या भिंतीत. सुतारासकट एकंदर आठ दारं झाली. भिंत म्हणून जी उरली ती दोन दारांच्या मधली फक्त. खिडक्यांना जागाच राहिली नाही. टेलरबाईंनी खिडक्यांचे पडदे आधीच शिवून ठेवले होते, ते दारांना लावले.

एवढ्यावर भागलं असतं. पण मग प्रत्येक घर आपल्याच दारातून आत यायला लागलं. दुसऱ्याच्या दारातून आत जाणं म्हणजे त्याच्या घरात न विचारता शिरणं, असा काहीतरी समज झाला. टेलरबाई ऊन असो वारा असो, सबंध इमारतीला वळसा घालून मागच्या बाजूने यायच्या. एकदा गिरणीवाल्यांची सून घाईत बेकरीवाल्यांच्या दारातून आली, तर तिने आधी आत येऊ का म्हणून विचारलं, आणि बेकरीवाल्याने या, बसा म्हटलं. आपल्या गावाची जागा म्हणून मी जे बांधायला निघालो होतो ते बाहेरून आठ घरांचं एक घर झालं आणि आतून कुणाचंच राहिलं नाही. बाक ठेवायला भिंत नाही, फळा लावायला भिंत नाही, आणि आठही दारांतून वारा असा खेळायचा की दोन म्हातारे हौसेने येऊन बसले ते सर्दी घेऊन गेले. आत बसलेल्या माणसाला आपण आत आहोत की रस्त्यावर हेच कळत नव्हतं. (छप्पर नव्हतंच. छप्पर कुणी देत नाही, ताई. दाराकडे बोट दाखवून हे आमचं म्हणता येतं, छपराकडे दाखवायला मान वर करावी लागते. शेवटी पत्रे आम्ही वर्गणी काढून आणले.)

मग मी पुन्हा सभा घेतली आणि हात जोडून सांगितलं की एक दार ठेवू, बाकीची बुजवू. सगळ्यांना पटलं. कुणाचं ठेवायचं, असं विचारल्यावर मात्र सगळे जमिनीकडे बघायला लागले. ठरावकाकांनी ठरावाची वही मिटली. मी मनात म्हटलं, संपलं, हेही वाचनालयाच्या वाटेने गेलं. आणि तेवढ्यात टेलरबाई म्हणाल्या, "ताईंचं दार कुठंय?"

मला आधी कळेचना कुठली ताई. माझ्या डोक्यात तू म्हणजे चौथ्या मजल्यावरची, दूध उतू जाणारी ताई. त्यांच्या डोक्यातली ताई फोनवाली होती. गावातला पहिला फोन वडिलांच्या हट्टामुळे आपल्या पुढच्या खोलीत आला आणि तुझं उशिरा लग्न होईपर्यंत तो बघायचं काम तुझ्यावर होतं, एवढंच मला आठवत होतं. मी तेव्हा शाळेत आणि पुढे नोकरीला, मला त्या घंटीचा फक्त त्रास व्हायचा. पण त्या दिवशी एकेक जण बोलायला लागला. मुलीला मुलगी झाली हे टेलरबाईंना आपल्या उंबऱ्यावर कळलं होतं, आणि त्यांच्या हातात तेव्हा अर्धवट काज केलेला शर्ट होता. बेकरीवाल्याचा भाऊ बोटीवर होता, महिनोन्‌महिने पत्ता नव्हता. त्याचा फोन आला तेव्हा तू अनवाणी बेकरीपर्यंत पळत गेलीस आणि इकडे तुझं दूध उतू जाऊन सबंध घरभर वास सुटला होता, पण तू लाइन तुटू दिली नाहीस, हे त्याने सांगितलं. (त्याला आजही त्या दुधाचा वास आठवतो म्हणे. मी तुझ्या हल्लीच्या दुधाबद्दल काही बोललो नाही.) आणि गवंडी. तो मागून उठून पुढे आला. मग म्हणाला, बाप गेल्याचा निरोप माझा होता. ताईंनी मला दारात सांगितलं नाही. आधी आत घेतलं, बसवलं, पाणी दिलं, मग सांगितलं. एवढं बोलून तो बाहेर गेला.

मी त्याच घरात राहत होतो, ताई, आणि मला यातलं काही माहीत नव्हतं. तूही कधी बोलली नाहीस.

दार ठरलं. त्यावर एकही हात विरोधात वर आला नाही. ठरावकाका म्हणाले, त्यांच्या सबंध आयुष्यात असं झालेलं नाही. पुढच्या रविवारी ज्याने त्याने आपलं दार आपल्या हाताने बुजवलं. दुसऱ्याला हात लावू दिला नाही. टेलरबाईंनी शेवटची वीट ठेवायच्या आधी पडदा काढून घडी घालून काखेत मारला. आपलं दार कोंबड्या हाकलून, धुऊनपुसून, चौघांनी चौकटीसकट उचलून आणलं आणि पुढच्या रुंद भिंतीत बसवलं. मी तेव्हाही सांगत होतो की हे दार लागतं आणि मग उघडत नाही. लहानपणी तू घरात नसलीस की मी खिडकीतून आत जायचो. पण आलेल्या मदतीला नावं ठेवायची नाहीत म्हणून मलाच गप्प बसवलं. सिमेंट सुकलं, गवंड्याने टेकू काढले, सगळे लांबून बघायला म्हणून बाहेर आले, वाऱ्याची एक झुळूक आली, आणि दार धाडकन लागलं.

आत सगळ्यांची हत्यारं, नवे बाक, मोठं घड्याळ आणि ठरावकाका. ते मागच्या अरुंद भिंतीपाशी उभे राहून आभाराच्या ठरावाची तालीम करत होते. तो ठराव आम्हाला बाहेर स्पष्ट ऐकू आला. मग त्यातलं शेवटचं वाक्य बदलून मला बाहेर काढा असं झालं, तेही ऐकू आलं. अनुमोदन त्यांनी मागितलं नाही. शेवटी भिंतीला शिडी लावून, आत दुसरी शिडी सोडून, त्यांना वरून काढलं. छप्पर नव्हतं म्हणून वाचले.

त्या दिवसापासून दार उघडलेलं नाही. सगळ्यांनी आतून-बाहेरून सगळं करून बघितलं. कुणाला तरी आठवलं की तू कडी वर उचलायचीस, कुणी म्हणालं खालच्या फळीला पाय लावायचीस, बेकरीवाल्याला पक्कं आठवतं की तू दाराला चल गं म्हणायचीस. त्यामुळे मागच्या रविवारी माझ्या अध्यक्षतेखाली अकरा प्रौढ माणसांनी एका बंद दाराला आळीपाळीने चल गं म्हटलं. बसमधले लोक खिडकीतून बघत होते. सुतार करवत घेऊन आला, तर गवंडी दारासमोर आडवा उभा राहिला. म्हणाला, याला करवत लागणार नाही, ताई आल्या की त्या उघडतील. आणि सगळ्यांनी माना हलवल्या, की हो, त्यात काय, ताई आल्या की उघडतील. मी सांगितलं की ताई येणार नाही. त्यांनी विचारलं, कोण म्हणतं? मी म्हटलं, ताई म्हणते. कुणाचाही विश्वास बसला नाही.

आता स्थिती अशी आहे. पत्रे आवारात पडून आहेत. पत्रे बसवणारे म्हणतात, वरून बंद केलं तर आत जाणार कुठून? म्हणजे छप्पर दारासाठी थांबलंय. पाऊस दीड-दोन महिन्यांवर आलाय, आणि छपराविना भिंतींनी एक पावसाळा खाल्ला की त्या पुढच्या वर्षी उभ्या राहतील असं गवंडीही म्हणत नाही. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी, बायकांनी येऊन बसावं म्हणून जी जागा बांधली तिथे जायला शिडी चढून भिंत ओलांडावी लागते. तुझा जिना त्यापेक्षा बरा. मी राजीनामा दिला, तोही ठरावकाकांनी परत केला. तुम्ही अध्यक्ष आहात ही तुमची मदत आहे म्हणाले, आणि आलेली मदत परत पाठवायची नाही.

मी हरलो, ताई. विनोद करून लिहितोय म्हणून तुला वाटेल की माझं बरं चाललंय. तसं नाही. संध्याकाळी मी बसस्टँडमागे जातो, त्या दारासमोर उभा राहतो आणि परत येतो. मला दुसरं काही नको होतं. तू दुपारी चष्मा लावून, पिशवीत विणकाम घालून घरातून निघावीस, चार पावलांवर जाऊन कुणाशी तरी वाद घालत बसावीस, आणि दिवेलागणीला मी तुला आणायला यावं, एवढंच होतं. तुझ्या प्रश्नाला उत्तर म्हणून मी एक झाकण नसलेली पेटी बांधली, तीही एका बाजूने चेपलेली. तेव्हा माझं बोलावणं मी मागे घेतो. तू तिथेच राहा. वाचनालय आहे, बायका भेटतात, ते खरंच आहे. गोळी वेळेवर घे, स्टूल जिन्यातून काढ, आणि त्या शेजाऱ्याची एकदा माफी मागून टाक.

तुझ्या पायांना लांबूनच हात लावतो.

तुझा धाकटा,
अध्यक्ष (नाइलाजाने)

ता. क. – एक विचारायचं राहिलं. ते दार उघडायचं कसं, एवढं सविस्तर लिहून पाठव. आधी काय उचलायचं, पाय कुठे लावायचा, चल गं नेमकं कधी म्हणायचं. जमलं तर चित्र काढ. पण ताई, सपाट काढ. लांबचं लहान काढू नकोस, मी ते गवंड्याच्या हातात देणार आहे.

ता. क. दुसरा – तुझ्या भावजयीने पत्र वाचलं. तिचं म्हणणं, ‘मी हरलो’ असं तीन वेळा लिहिलं असतं तरी चाललं असतं, पण मागचं अंगण आणि खोली यांच्याबद्दल एक अक्षर का नाही? तर तेही लिहितो. मागची खोली तिने रिकामी केली आहे. माझे रंग, कुंचले, कागद सगळे कोंबड्यांकडे गेले. पलंग खिडकीशी लावलाय. अंगणातून आत यायला एक पायरी होती, ती गवंड्याने परवा येऊन काढून टाकली आणि उतार केला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्याकडे कुणाचा तरी गुडघा दुखतो असं ऐकलं, म्हणाला.

ता. क. तिसरा, आणि हा पाकीट चिकटवून पुन्हा फोडून लिहितोय – काल संध्याकाळी मी दारापाशी उभा होतो तेव्हा तुझी भावजय मागून आली. भाजीची पिशवी माझ्या हातात दिली, कडी उचलली, खांदा लावला, खाली एक लाथ घातली आणि दार उघडलं. मी म्हटलं, तुला हे कुणी शिकवलं? म्हणाली, वन्संनी, लग्न होऊन आले त्याच आठवड्यात. तुम्हाला कधी कुणी शिकवलं नाही, कारण दार वाजल्यावर तुम्ही आजवर कधी उठलाच नाहीत. मी आनंदाने ओरडत गवंड्याकडे पळणार, तर तिने माझी बाही धरली, दार पुन्हा ओढून लावलं आणि पिशवी परत घेतली. "हे कुणाला बोलायचं नाही. वन्सं आल्याशिवाय हे दार उघडत नाही, समजलं?"

मला तुझ्याशी खोटं बोलता येत नाही, म्हणून तुला सांगितलं. गावाला सांगितलेलं नाही. गाव अजून शिडीवरून जातंय आणि तुझी वाट बघतंय. तुझी भावजय पहिल्या पावसापर्यंत गप्प बसेन म्हणते. त्यानंतर भिंतींसाठी तिला लाथ घालावीच लागेल, आणि ती एकदा घातली की तुला बोलवायला माझ्याकडे काही कारण उरणार नाही. हे पत्र पोचेल अशा बेताने दुपारी तुला फोन करतो. उचल. आणि या वेळी, ताई, दूध उतू गेलं तर जाऊ दे.